एक, अनेक आणि एक जुनी तबकडी



तबकडी म्हटले म्हणजे तुमच्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींच्या डोळ्यांपुढे कर्ण्याच्या ग्रामोफोनवर फिरणारी काळी तबकडी उभी राहील. मी आज जिच्याविषयी बोलणार आहे ती तबकडी निराळी. बारा सेंटिमीटर रुंदीची, म्हणजे लहानशा बशीएवढी, एका अंगाने आरशासारखी लखलखीत, आणि उन्हात धरली की इंद्रधनुष्याचे रंग दाखवणारी. व्हीसीडी, डीव्हीडी ही तिची नावे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्या आठवडी बाजारात भाजीच्या पालाशेजारी तिचेही दुकान मांडलेले असे. दादा कोंडक्यांचे चित्रपट, कीर्तने, भारुडे, तमाशातले वग, सारे काही तिच्यावर. मोठा चित्रपट असला तर दोन तबकड्या लागत, आणि दुसरी नेमकी शेजाऱ्याने नेलेली असे! आता ती घरातून उठून रानात गेली आहे. बागेत पाखरे बिचकावीत म्हणून शेतकरी तिला दोऱ्याने बांधून टांगतो. वाऱ्यावर ती गरगरते, उन्हात चमकते, आणि पाखरे दूर पळतात.

मला मात्र अशाच एका तबकडीत पाखरे सापडली. त्याची हकीकत आज सांगायची आहे.

२०१९ सालच्या मे महिन्यात वर्तमानपत्रात एक निधनवार्ता वाचली. विजया मुळे या शिक्षणक्षेत्रातल्या आणि चित्रपट-चळवळीतल्या विदुषी वयाच्या ९८ व्या वर्षी वारल्या. 'एक, अनेक और एकता' हा लहानसा चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला होता, असे बातमीत होते. हे नाव वाचले आणि आधी चाल आठवली. शब्द मागाहून आले, तेही अर्धेमुर्धे. आणि चालीबरोबर आठवली ती माझी ताई.

पाथर्डी तालुक्यातले आमचे गाव डोंगराच्या पायथ्याशी. पाऊस आमच्याकडे पाहुण्यासारखा येतो, चहा घेऊन जातो. दसरा-दिवाळी झाली की निम्मे गाव उसाच्या तोडीला निघून जाई. माझे आई-वडीलही जात. मागे राहत आजी, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी मोठी ताई. १९८५-८६ चा सुमार असेल. गावात दूरदर्शनचा संच एकच, तोही काळा-पांढरा, चावडीत लाकडी पेटीत कुलूप घालून ठेवलेला. पेटीची किल्ली ज्याच्याकडे, तो त्या संध्याकाळपुरता गावचा पाटील. अँटेना उंच वाशाला बांधलेली. वारा सुटला की पडद्यावर 'मुंग्या' यायच्या. मग एकजण वर चढून वासा फिरवी आणि खालून सारे ओरडत, "आलं, आलं! गेलं, गेलं!" लहान मुले पुढे बसत, बाया उंबऱ्याबाहेर उभ्या राहत. ताई दहा वर्षांची. तिला आत बसता आले असते. पण मी रडलो तर मला घेऊन चटकन उठता यावे म्हणून ती मला पाठकुळी घेऊन दाराशी उभी राही.

त्या वेळी दोन कार्यक्रमांच्या मधल्या मोकळ्या वेळात हा चित्रपट दाखवीत. केव्हा लागेल याचा नेम नसे. लागला की पोरांचा गलका होई. मला हिंदी येत नव्हते. ताई पाचवीत होती, तिची हिंदी नुकती सुरू झालेली. मी विचारले, अनेक म्हणजे काय? ती म्हणाली, "अनेक म्हंजी लई रं. पन येगयेगळं लई."

शिक्षकमित्रहो, पुढे मी एम. ए. केले, महाविद्यालयात शिकवू लागलो. अनेकत्वावर पुष्कळ वाचले. ताईची व्याख्या अजून बदलावी लागलेली नाही.

तर ही बातमी वाचल्यावर तो चित्रपट पुन्हा पाहावा असे फार वाटू लागले. आता तुम्ही म्हणाल, हातातल्या फोनवर बोट फिरवले असते तर दोन मिनिटांत दिसला असता. खरे आहे. पण माझ्या आधी तो आमच्या ग्रंथपालांच्या हाती लागला. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात 'दृक्-श्राव्य साहित्य' अशी पाटी असलेले एक कपाट आहे. ते बहुधा झाडण्यापुरते उघडतात. त्यात भूगोलाचे नकाशे, कॅसेटी, आणि तळाशी तबकड्यांचा गठ्ठा. फिल्म्स डिव्हिजन ही केंद्र सरकारची चित्रपट-संस्था १९४८ साली निघाली, आणि अलीकडे ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिच्या मुंबईच्या कचेरीत तिच्या चित्रपटांच्या तबकड्या विकत मिळत. कोणा उत्साही प्राध्यापकाने कधीतरी एक आणली असावी. वेष्टन हरवलेले, पृष्ठभागावर चरे पडलेले, आणि शाईने लिहिलेले दोनच शब्द: 'मुलांसाठी, जपून'.

पण ती लावायची कशावर? संगणकांना आता तबकडीची खाचच नसते. अखेर गावातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानदाराने माळ्यावरून एक जुने यंत्र काढून दिले. त्याने ते पुसले, आतल्या भिंगावर कापसाचा बोळा फिरवला, आणि मला एक गोष्ट सांगितली जी मला ठाऊक नव्हती. ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत वाजते. ही आतून बाहेर वाजते. काळ्या तबकडीवर सुई खाचेतून घासत जाते. इथे सुई नाही, एक तांबडा प्रकाशकिरण असतो. तबकडीच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे असंख्य बारीक खळगे एका लांबलचक गुंडाळलेल्या रेषेत असतात. त्यांवरून किरण परतताना जो फरक पडतो त्याचे यंत्र चित्र आणि आवाज करते. चरा किरणाच्या आड आला की यंत्र अडखळते. आमचीही तबकडी दोन ठिकाणी अडखळली. दुकानदाराने ती शर्टाच्या बाहीने आतून बाहेर, सरळ रेषेत पुसली. "गोल पुसू नका सर, गोल पुसलं की वाटच खराब होते," तो म्हणाला. मग ती चालली.

आणि पडद्यावर रंग आले! मी क्षणभर गडबडलोच. हा चित्रपट रंगीत आहे हे मला तोवर माहीतच नव्हते. माझ्या आठवणीतला सूर्य पांढरा होता. झाडही पांढरे, पाखरेही पांढरी, आणि त्यांवर मुंग्या. तेहतीस-चौतीस वर्षे मी हा चित्रपट मनात काळा-पांढरा सांभाळून ठेवला होता. खरे सांगतो, पहिल्यांदा पाहताना थोडे चुकल्यासारखे वाटले. दुसऱ्यांदा पाहिल्यावर मात्र चित्रे नीट दिसू लागली.

चित्रपट उणापुरा सात मिनिटांचा. बागेत मुले खेळत आहेत. लहान भाऊ मोठ्या बहिणीला विचारतो की अनेक म्हणजे काय. ती आधी आकाश दाखवते: सूर्य एकच, चंद्र एकच, तारे किती तरी. मग जवळच्या खारी आणि फुलपाखरे मोजून दाखवते. मग गोष्ट सांगते. ही गोष्ट तुमच्या-माझ्या परिचयाची आहे, पंचतंत्रातली. दाण्याच्या मोहाने पाखरे जाळ्यात अडकतात, सगळी मिळून जाळ्यासकट उडतात, आणि उंदीर ते जाळे कुरतडून त्यांना मोकळे करतात. पुढे मुले तीच युक्ती आपल्या खेळात वापरतात, आणि शेवटी देशाच्या ऐक्याचे गाणे होते.

हा चित्रपट कसा झाला ते थोडक्यात सांगतो. चित्रांना चालायला लावण्याचा उद्योग आपल्याकडे नवा नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ सालीच 'आगकाड्यांची मौज' हा लहान चित्रपट काढून निर्जीव काड्यांना हलते केले. प्रभात कंपनीने १९३४ साली 'जंबूकाका' काढला. १९५६ साली वॉल्ट डिस्ने यांच्याकडे काम केलेले क्लेअर वीक्स नावाचे चित्रकार मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले आणि त्यांनी आपल्या चित्रकारांना ही विद्या शिकवली. 'एक, अनेक और एकता' १९७४ सालचा. त्याची चित्ररचना भीमसेन या कलावंताची. त्यांनी फिल्म्स डिव्हिजनमध्येच उमेदवारी केली होती, आणि पुढे 'घरौंदा' हा चित्रपट दिग्दर्शित केला. या चित्रपटाला उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

काम किती चिकाटीचे असते याचा हिशेब मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. चित्रपटाच्या पट्टीवर एका सेकंदात चोवीस चित्रे सरकतात. सात मिनिटांचे सेकंद ४२०, म्हणजे १०,०८० चित्रे. एक चित्र दोनदा टिपण्याची सवलत घेतली, तशी चित्रकार घेतातच, तरी पाच हजारांवर जातात. पारदर्शक पत्र्यावर पाखरू काढायचे, पाठीमागे रंगवलेले आकाश ठेवायचे, एक छायाचित्र घ्यायचे. मग दुसऱ्या पत्र्यावर तेच पाखरू, पंख केसभर वर. डिस्ने यांनी १९३७ साली काढलेला हिमगौरीचा चित्रपट सव्वा तासाहून मोठा आहे. त्याच्यामागे शेकडो चित्रकारांचा कारखाना होता. आपल्याकडे तसा पैसा नव्हता. म्हणून या चित्रपटात आकृती साध्या आहेत आणि रेघा मोजक्या. मला तर तेच त्याचे बळ वाटते. त्यातले पाखरू पाटीवर कोणत्याही पोराला काढता येईल.

आता संगीताविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. ते वसंत देसाई यांचे आहे. सिंधुदुर्गातल्या सोनवड्याचा हा माणूस पोरवयात प्रभात कंपनीत शिरला. 'अमर भूपाळी' त्यांचा, 'श्यामची आई' त्यांचा. आणि शिक्षकहो, तुमच्या शाळेत सकाळी ज्या हिंदी प्रार्थना होतात, त्यांतल्या दोन तरी बहुधा त्यांच्याच चालीच्या असतील. एक 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटातली, दुसरी 'गुड्डी' या १९७१ च्या चित्रपटातली. चित्रपटाचा गल्ला कधीच आटोपला, पण पत्र्याच्या शाळेत, उघड्या मैदानात, बेसूर गळ्यांनीसुद्धा ती चाल मोडत नाही. हे कसे जमले असेल? मला वाटते, देसायांनी चाल बांधताना गाणाऱ्याच्या दमाचा विचार केला. ओळ लहान मुलाच्या एका श्वासात बसते. 'एक, अनेक' मधली चाल तर बोलण्याच्या इतकी जवळ आहे की बोलणे कोठे संपले आणि गाणे कोठे सुरू झाले ते कळत नाही. त्यात गाणारी एक मुलगी होती साधना सरगम, कोकणातल्या दाभोळची, तेव्हा अगदीच लहान. पुढे ती मोठी गायिका झाली. शेवटचे ऐक्यगीत दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचे पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे. वसंत देसाई पुढच्याच वर्षी, २२ डिसेंबर १९७५ रोजी, मुंबईत लिफ्टच्या अपघातात गेले.

मात्र तिसऱ्यांदा चित्रपट पाहताना माझे लक्ष संगीतावरून उडाले आणि निराळ्याच ठिकाणी गेले. या चित्रपटात गुरुजी नाहीत. फळा नाही, छडी नाही, पुस्तक नाही. आई-वडीलही दिसत नाहीत. शिकवते ती मोठी बहीण.

विजयाबाईंचा वृत्तांत मी मग मुद्दाम मिळवून वाचला. १९२१ साली मुंबईत जन्म. लग्न होऊन पाटण्याला गेल्या, आणि लग्नानंतरच त्यांचे पुढचे शिक्षण झाले. १९४६ मध्ये त्या शिक्षणशास्त्र शिकायला इंग्लंडला, लीड्सच्या विद्यापीठात गेल्या. पुढे सरकारी शिक्षण-खात्यात काम केले, चित्रपट मंडळे उभारली, मुलांच्या दूरदर्शन-शिक्षणाचे केंद्र चालवले. लोक त्यांना 'अक्का' म्हणत. म्हणजे पुन्हा थोरली बहीणच! बहिणीच्या तोंडी सारे ज्ञान देताना त्यांच्या मनात काय होते ते मी सांगू शकत नाही. माझ्या मनात काय आले तेवढे सांगतो.

आमच्या ताईची शाळा सातवीला सुटली. हायस्कूल साडेचार मैलांवर होते हे एक कारण, आणि मी हे दुसरे. आई-वडील तोडीवर, आजी थकलेली. घरी माझ्याजवळ कोणीतरी पाहिजे होते. ताई थांबली, मी शिकलो. आमच्या घरात या गोष्टीवर कधी चर्चा झाली नाही. जणू पावसासारखीच ती वरून ठरून आली होती. दुकानदाराच्या त्या जुन्या यंत्रापुढे बसून पडद्यावरच्या मुलीला भावाच्या प्रश्नाचे उत्तर देताना पाहिले, आणि मला चावडीच्या दारातली ताई दिसली. ती पाठीवर मला घेऊन उभी होती, आणि चित्रपट तिलाही नीट दिसत नव्हता.

त्या वर्षीच्या डिसेंबरात आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर प्रवरेच्या पट्ट्यातल्या एका गावी होते. सात दिवसांचा मुक्काम. हा भाग तुम्हांला ठाऊक आहे. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याची मुहूर्तमेढ याच खोऱ्यात रोवली गेली. आता थंडीच्या दिवसांत गावाच्या कडेला उसाच्या पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या पडतात. तोडणीची मंडळी बीडकडची, आणि आमच्या पाथर्डी-शेवगावकडचीही. म्हणजे एकाच जिल्ह्याच्या एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाला परका होऊन राहतो.

एका संध्याकाळी मी ती तबकडी शाळेच्या ओसरीत लावायचे ठरवले. गावातली मुले आधीच येऊन सतरंजीवर बसली होती. कोप्यांवरची मुले उशिरा आली आणि भिंतीशी उभी राहिली. त्यांना कोणी मज्जाव केला नव्हता. पण 'बसा' असेही कोणी म्हटले नव्हते. त्यांत एक दहा-अकरा वर्षांची मुलगी होती, कडेवर भाऊ. तिच्या उभे राहण्याची तऱ्हा मला ओळखीची वाटली. मी म्हटले, "या, पुढे या." ती म्हणाली, "आसू द्या सर. ह्यो रडला तर जावं लागंल."

चित्रपट सुरू करण्यापूर्वी मी मास्तरकीच्या सवयीने प्रश्न विचारला. एक म्हणजे काय, आणि अनेक म्हणजे काय? सतरंजीवरून ताबडतोब उत्तर आले, "एक म्हणजे एकवचन, अनेक म्हणजे अनेकवचन!" पाठ केलेले, आणि बरोबरही. मी म्हटले, आणखी कोणी? बराच वेळ कोणी बोलेना. मग भिंतीकडून ती मुलगी म्हणाली,

"सर, आमच्यात दोन मानसांचा येक कोयता आसतो."

सतरंजीवरची मुले हसली. मला हसू आले नाही. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. उसाच्या तोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. नवरा ऊस तोडतो, बायको तो गोळा करते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. पण उचलीचा हिशेब बहुधा गड्याच्या नावाने. दोन माणसे, चार हात, आणि मोजदादीत एक. हे एकवचन की अनेकवचन? माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी त्या मुलांना एवढेच म्हटले की तिने सांगितले ते खरे आहे, हसण्यासारखे त्यात काही नाही. आणि तबकडी लावली.

इथे शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. ही गोष्ट मराठीतून समजावताना जाळे टाकणारा म्हणून 'पारधी' हा शब्द सहज तोंडात येतो. जुन्या गोष्टींच्या पुस्तकांतून तो आपल्या जिभेवर बसला आहे. मी तो टाळतो. आपल्या जिल्ह्यात पारधी समाजाची मुले आता शाळेत येऊन बसत आहेत. पाखरांच्या शत्रूला त्यांच्या जातीचे नाव दिले, तर ऐक्याचा हा धडा त्या मुलाला कसा ऐकू येईल? 'शिकारी' म्हणावे, काही बिघडत नाही. आणि दुसरे असे की, चित्रपट एका दमात दाखवू नये. भावाचा प्रश्न झाला की थांबवावा. मुलांना उत्तरे देऊ द्यावीत. बहिणीचे उत्तर मागाहून. मी हे त्या संध्याकाळी शिकलो, तेही चरा आला आणि तबकडी तिथेच अडकली म्हणून!

पाखरे जाळे घेऊन उडाली तेव्हा सतरंजीवर टाळ्या झाल्या. मी मात्र भिंतीकडे पाहत होतो. कडेवरच्या पोराने बहिणीला काहीतरी विचारले. मी जवळ सरकलो. तो विचारत होता की उंदरांना कोणी सांगितले. ती त्याच्या कानाशी लागून म्हणाली, "पाखरं सोताच गेली ना सांगाया. उंदीर कशाला यील आपल्या मनानं? बोलवावं लागतंय."

पडद्यावरची बहीण समजावून सांगत होती, आणि इकडे ही तेच काम करीत होती. तबकडी तिच्यासाठी थांबवण्याची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत चौकशी केली. मुलीचे नाव तिच्या गावच्या शाळेच्या पटावर होते, इथे नव्हते. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला. त्याप्रमाणे मूल कोठल्याही गावी गेले तरी तिथल्या शाळेने त्याला वयाप्रमाणे वर्गात घेतले पाहिजे. मुख्याध्यापक भले गृहस्थ. ते म्हणाले, "मी घ्यायला तयार आहे, पण ती यायची कशी? भावाला कोण सांभाळणार?" मग थोडा वेळ विचार करून तेच म्हणाले, "भावाला घेऊनच येऊ द्या. एक पोर जास्त बसलं तर वर्ग काही बुडत नाही." तिसऱ्या दिवशी ती चौथीच्या वर्गात बसली, भाऊ मांडीवर. त्याच्या हातात त्यांनी खडू दिला, त्याने फरशीवर रेघा ओढल्या. ती अकरा दिवस आली असे मला नंतर कळले. मग त्या टोळीचा फड दुसऱ्या गावी पडला.

अकरा दिवस म्हणजे फार नव्हेत, हे मला समजते. पण कागदावर नियम असूनही जे अडते ते बहुतेक वेळा या कडेवरच्या भावापाशी अडते, एवढे मी डोळ्यांनी पाहिले. सरकारने अशा मुलांसाठी साखरशाळा काढून पाहिल्या, हंगामी वसतिगृहे काढली. त्यांचा गुण-दोष सांगणारे जाणकार पुष्कळ आहेत. मी एवढेच सांगतो की ज्या मास्तरांनी भावासकट बहिणीला वर्गात घेतले, त्यांना त्यासाठी वरून कोणताही आदेश आलेला नव्हता.

असो. तबकडी मी जपून परत नेली. पण कपाटात ठेवण्याआधी संक्रांतीच्या सुट्टीत ती आणि ते यंत्र पिशवीत घालून ताईकडे गेलो. तिला नेवासे तालुक्यात दिले आहे, प्रवरासंगमच्या अलीकडे. घरी नातवंडे आहेत. तिने आधी तिळगूळ दिला, मग विचारले, "ह्ये काय आनलंस?" मी म्हटले, "बघ तर खरं." यंत्र लावले. पहिली चाल सुरू झाली आणि ताई हातातले काम टाकून, पदराला हात पुसत येऊन बसली. आत, अगदी पुढे. आयुष्यात प्रथमच तिने हा चित्रपट बसून पाहिला. रंग पाहून तिला काही आश्चर्य वाटले नाही. "रंग असनारच की," ती म्हणाली. "झाड काय पांढरं असतंय व्हय?"

गाणे तिला सारे पाठ होते. ती पडद्याच्या पुढे-पुढे म्हणत होती, कोठे-कोठे हिंदीच्या जागी आपले मराठी घालून. नातवंडे आजीकडे पाहत राहिली. शेवटच्या गाण्यात नद्यांचे कडवे आले. आमचे आजोळ शेवगाव तालुक्यात, नाथसागराच्या काठचे. लहानपणी ताईने हे कडवे मला शिकवले तेव्हा त्यात गोदावरी होती. मी अजून ते तसेच म्हणतो. तबकडीवर कृष्णा आली, कावेरी आली, सगळ्या सागराला मिळाल्या, आणि गाणे पुढे गेले.

ताईने माझ्याकडे पाहिले. "गोदावरी कुठं गेली रं?"

मी म्हटले, "मुळात नव्हतीच गं. ती तू घातलीस."

तिला ते पटले नाही. "नव्हती कशी? मी काय मनानं म्हनत हुते?" ती म्हणाली. "लाव परत. चरा पडला आसंल तिथं."

मी तबकडी बाहेर काढली, शर्टाच्या बाहीने आतून बाहेर, सरळ पुसली, आणि पुन्हा लावली.